ओटीच्या खणातली पासबुकं

निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली. खून, दरोडे, दंगली यांतलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कुठल्या चोराला कुठल्या साली पकडलं, हे जुन्या सहकाऱ्यांना फोन करून विचारावं लागतं. पण एक घटना अशी आहे की तिच्यातला प्रत्येक दिवस मला वारासकट आठवतो. गंमत म्हणजे त्या प्रकरणात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही. त्यामुळे ते कुठल्याही वार्षिक अहवालात नाही, माझ्या सेवापुस्तकात नाही, फक्त माझ्या डोक्यात आहे.

मी तेव्हा सायखेड्याच्या बाजूच्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. गोदावरीच्या काठचा भाग. चहूकडे द्राक्षबागा, कांद्याच्या चाळी, आणि ठाण्याच्या आवारात चिंचेचं मोठं झाड. सकाळी स्टेशन डायरी बघायची, रात्रीच्या गस्तीचा अहवाल ऐकायचा, मग चहा आणि टपाल. निनावी अर्ज हा प्रत्येक ठाण्याचा रतीब असतो. माझा अनुभव असा की त्यात तक्रार चार आणे असते आणि पोटदुखी बारा आणे. तरी प्रत्येक अर्ज वाचावा लागतो, कारण ते चार आणे खरे निघाले तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

तो अर्ज श्रावण संपता संपता आला. रेघांच्या कागदावर, निळ्या पेनानं लिहिलेला. जवळच्याच एका गावातली अंगणवाडी सेविका गावात नसलेल्या मुलींच्या नावावर शिक्षणाचं सरकारी अनुदान लाटते आहे, असा मजकूर. उदाहरणादाखल एका मुलीचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख. खाली लिहिलं होतं, 'या आडनावाचे एकही घर गावात नाही. साहेबांनी स्वतः खात्री करावी.'

ही योजना साधी होती. मुलगी जन्मली की सरकार तिच्या नावावर काही रक्कम ठेवायचं. आईवडिलांनी दरवर्षी त्यात आपली भर घालायची. मुलगी अठराची झाली आणि शिकत असली, की सगळी रक्कम तिच्या पुढच्या शिक्षणासाठी मिळायची. अर्ज भरून घ्यायचं काम अंगणवाडीचं.

मी तालुक्याच्या कार्यालयातून त्या अंगणवाडीची यादी मागवली. यादी घेऊन गावच्या पोलीस पाटलांना ठाण्यात बोलावलं. त्यांनी चष्मा वर-खाली करत यादी वाचली.

"ही अकरा आडनावं आपल्या गावातली नाय, साहेब."

"मग मुली कुठल्या?"

"आता ते मी कसं सांगू?" म्हणाले आणि टोपी सारखी करू लागले. ज्या माणसाला गावातल्या प्रत्येक कुत्र्याचा मालक ठाऊक, त्याला अकरा मुली ठाऊक नाहीत, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. मला वाटला तो फक्त राग. सरकारी पैसा, तोही लेकरांच्या शिक्षणाचा! मी तडक बँकेला पत्र लिहिलं, की चौकशी पूर्ण होईपर्यंत या अकरा खात्यांवरचे व्यवहार थांबवावेत. जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला, शिपाई पाठवला. त्या सहीचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

बाईमाणसाला साध्या चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण तिच्याकडे जायचं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, आमच्या महिला हवालदार आणि दोन पंच असे अंगणवाडीत गेलो. हवालदार बागलाणातल्या, सटाण्याकडच्या. कमी बोलणाऱ्या, पण नजर अशी की गर्दीतून पाकीटमार नेमका उचलायच्या. अंगणवाडीत वीसेक पोरं सतरंजीवर बसून खिचडी खात होती. मला बसायला खुर्ची दिली ती पोरांची, वीतभर उंचीची. तिच्यावर बसून कडक आवाजात प्रश्न विचारणं किती अवघड असतं, हे ज्याला करावं लागलं त्यालाच कळेल.

सेविका पन्नाशीच्या होत्या. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं. मी यादी पुढे केली.

"या मुली कुठं आहेत, ताई?"

"त्यांच्या घरी."

"घरं कुठं आहेत?"

ताई एका पोराचं तोंड पुसू लागल्या.

"यांची पासबुकं कुठं आहेत?"

त्या उठल्या. धान्याच्या पिंपामागून पत्र्याचा एक निळा डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला. लपवायचा, नाकारायचा प्रयत्न नाही. आत अकरा पासबुकं होती. प्रत्येक पासबुक निरनिराळ्या रंगाच्या कापडात गुंडाळून वर दोऱ्यानं बांधलेलं.

"तुमच्याकडे कशी आली ही?"

"ठेवायला दिलीत."

"कुणी?"

"ते नाय सांगता येणार, साहेब."

"ताई, खोटे दाखले जोडून सरकारचा पैसा घेणं म्हणजे काय असतं माहीत आहे? नोकरी जाईल. तुरुंगात जाल."

त्यांनी आधी एका पोराच्या ताटात खिचडी वाढली आणि मग म्हणाल्या, "जाईन. ज्यांनी ठेवायला दिलं त्या येतील तवा त्यांच्याच हातात देईन म्हणून शब्द दिलाय. तुमी घेऊन चाललात तर मी काय करू शकते? पण नाव मी सांगणार नाय."

तासभर विचारलं. गोड बोललो, आवाज चढवला, पुन्हा गोड बोललो. बाई ढिम्म. आमच्या खात्यात एक समज पक्का असतो, की जो गप्प बसतो त्याच्यामागे कुणीतरी आहे. मी मनात टोळी उभी केली. ग्रामसेवक, दलाल, बँकेतला कुणी कारकून. पंचनामा केला. पासबुकं एका पाकिटात ठेवली आणि वरची कापडं वेगळी. पंचनाम्यात मी स्वतः सांगून लिहून घेतलं, 'जुन्या कापडाच्या चिंध्या, नग अकरा.'

गावात घरोघर विचारलं. सरपंच, दुकानदार, पाण्याला आलेल्या बायका, कुणालाच काही ठाऊक नाही. सगळे एका सुरात, "माहीत नाय, साहेब." एक म्हातारी तर माझ्याकडे बघून चक्क म्हणाली, "तुला बहीण नाय का रे बाबा?" मी ते म्हातारपणावर सोडून दिलं.

शुक्रवारी दुपारी हवालदार मुद्देमालाची नोंद करायला बसल्या. थोड्या वेळानं पासबुकं आणि कापडं घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"साहेब, या चिंध्या नाहीत."

"मग?"

"ओटीचे खण आहेत. लेक माहेराहून सासरी निघाली की आई तिची ओटी भरते ना, त्यातले." त्यांनी एक हिरवा खण टेबलावर हातानं सपाट केला. त्याच्या घडीत हळदीचा डाग आणि तांदळाचा एक दाणा अडकला होता. "आणि हे बघा. भरणा वर्षातून एकदाच आहे. सगळ्यांचा एकाच आठवड्यात."

मी बघितलं. एका वर्षी एप्रिलच्या शेवटी, एका वर्षी मेच्या मध्यात, पुन्हा एप्रिलमध्ये. मला त्यात काही ताळमेळ दिसेना.

"तारीख इंग्रजी बघू नका," त्या म्हणाल्या. ठाण्यासमोर एक किराणावाला होता. तो जन्मात कधी काही फेकायचा नाही. त्याच्याकडून त्या मागल्या आठ वर्षांची कॅलेंडरं घेऊन आल्या, तेलाचे डाग पडलेली. एकेक उघडून दाखवू लागल्या. प्रत्येक वर्षी भरणा अक्षय तृतीयेनंतर दोन-चार दिवसांत झालेला होता.

"आखाजी," हवालदार म्हणाल्या, आणि एरवी माझ्याशी शुद्ध बोलणाऱ्या त्या बाई एकदम आपल्या अहिराणी बोलीवर आल्या. "आमनाकडे आखाजीले लेकी माहेरले येतस, साहेब. झोका खेळतस, चार दिन ऱ्हातस अन् मंग जातस."

माझी चूक इथे झाली होती. मी मूळचा रत्नागिरीकडचा. नाशिक जिल्ह्यात वीस वर्षं काढली, पण मला सण कळायचे ते बंदोबस्तावरून. गणपती, नवरात्र, ईद, सिंहस्थ यांची आखणी मला झोपेतून उठवलं तरी सांगता आली असती. आखाजीला बंदोबस्त लागत नाही. लेकी येतात, झोके बांधतात, पुरणपोळी खाऊन परत जातात. ज्या सणाला एक शिपाई उभा करावा लागत नाही तो माझ्या लेखी सणच नव्हता.

मग सगळं एकेक करून जागेवर बसलं. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे मुली जन्मल्या याच गावात, आडनाव मात्र बापाचं. त्या या गावच्या लेकींच्या लेकी होत्या. अर्ज माहेरीच भरला, खातं माहेरीच उघडलं, आणि पासबुक सासरी नेलंच नाही. दरवर्षी आखाजीला यायचं, वर्षभर साठवलेलं भरायचं, पासबुक पुन्हा खणात बांधून ताईंच्या हवाली करायचं. पोलीस पाटलांची स्वतःची भाचीही त्या अकरांत होती, हे मला मागाहून कळलं. आपल्या लेकींसाठी अख्खं गाव माझ्या तोंडावर खोटं बोललं होतं!

आता अर्जात जिचं नाव होतं त्या मुलीचा विचार केला. निनावी लिहिणारा स्वतःला लपवतो, पण त्याला जे ठाऊक आहे ते त्याला लपवता येत नाही. यादीत सर्वांत मोठी तीच होती, नुकतीच अठराची झालेली. तिची जन्मतारीख घरच्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक असणार? अंगणवाडीच्या जुन्या नोंदींवरून तिच्या आईचा नाशिकमधला पत्ता मिळाला, इंदिरानगरचा. हवालदारांनी सुचवलं, "घरी नको, साहेब. गणवेशात तर नकोच." शनिवारी त्या साध्या साडीत भाजीबाजारात त्या आईला भेटल्या. मी रस्त्यापलीकडे रसवंतीत बसलो होतो. पाच मिनिटांत त्यांनी मला हात केला.

ती आई माझ्याकडे न बघता भेंडी निवडत बोलत राहिली. "ताईंनी नाव सांगितलं का?"

"नाही."

"मला ठाव होतं." तिचे डोळे भरले. "साहेब, पासबुक सासरी गेलं असतं ना, तर आजवर त्याचं दुकानाचं शटर झालं असतं. मोठे दीर कारभारी. वाईट नायत हो, पण घरात आलेला पैसा दुकानात जातो. आमचे हे त्यांच्या शब्दाबाहेर नायत. मी ब्लाऊज शिवते. वर्षभर साठवायचं अन् आखाजीला नेऊन टाकायचं. सतरा वर्षं कुणाला पत्ता लागला नाय. पोरगी अठराची झाली, बँकेनं आधार जोडायला लावलं. आधारला फोन नंबर दिरांचा. मेसेज त्यांच्या फोनवर गेला."

"काय म्हणाले ते?"

"म्हणले, पोरीचं लग्न बघू, पैसा दुकानात घालू. मी नाय म्हणले. सतरा वर्षांत पहिल्यांदा." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पोरीचा नर्सिंगला नंबर लागलाय. फी भरायची शेवटची तारीख मंगळवार. काल बँकेत गेले तर म्हणले, पोलिसांनी खातं बंद केलंय. साहेब, फी भरली नाय तर वर्ष जातं. अन् आमच्या घरात वर्ष गेलं म्हणजे लग्नच."

मला एवढा मोठा माणूस असून तिथं भाजीवाल्यांच्या गर्दीत मान वर करवेना. खातं बंद करणारी सही माझी होती. दिराला फी अडवायची होती, ते काम मी त्याच्यासाठी सरकारी खर्चानं करून दिलं होतं.

पण नुसती दया येऊन पोलिसाला पत्र मागे घेता येत नाही. कागद लागतो. दोन गोष्टी तपासायच्या होत्या. एक, याच मुलींच्या नावावर बापाच्या गावीही अनुदान घेतलं होतं का? दुसरी, रहिवासी दाखले खोटे होते का? रविवारी सुट्टी असूनही तालुक्याच्या लिपिकाला घरून उचलून कार्यालय उघडायला लावलं. अकरापैकी एकीचंही दुसरं खातं नव्हतं. मग नियमाचं पुस्तक काढलं. नियम म्हणत होता, मुलीच्या जन्माच्या वेळी आई त्या गावात राहत असली पाहिजे. पुढे कुठे राहावं याबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि अंगणवाडीच्या लसीकरण वहीत अकराही मुलींचे पहिले डोस त्याच गावात टोचल्याची नोंद होती, सही-अंगठ्यासकट. बाळंतीण पाच-पाच महिने माहेरी राहिली होती. दाखले खरे होते, अनुदान नियमात होतं. मी चार दिवस ज्याला गुन्हा म्हणत होतो त्यात गुन्ह्याचा मागमूस नव्हता.

सोमवारी बँक उघडायच्या आधी मी दारात उभा होतो. व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, वरून मंजुरी यावी लागेल. दोन-तीन दिवस धरा." मी त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसलो आणि टोपी टेबलावर ठेवली. म्हणालो, "बंद करायला माझं एक पत्र पुरलं. उघडायलाही पुरेल. मी बसतो." दुपारचं जेवण मी तिथंच केलं, व्यवस्थापकांच्या डब्यातलं. साडेतीनला मंजुरी आली. मंगळवारी सकाळी त्या मायलेकी हवालदारांबरोबर जाऊन फी भरून आल्या. मुलीनं पावतीचा फोटो हवालदारांच्या फोनवर पाठवला, तो त्यांनी ठाण्यातल्या प्रत्येकाला दाखवला, अगदी कोठडीतल्या कोंबडीचोरालासुद्धा.

दिरांना मी एकदा बोलावलं. रेघांचा कागद समोर ठेवला. त्यांनी अक्षर ओळखलं, घाम पुसला. "घरातला पैसा घरात यावा, एवढंच होतं हो."

"तो पैसा घरातला नाही," मी म्हणालो. "तो मुलीचा आहे. मुलीच्या लग्नाचं पुन्हा मनात आलं तर आधी मला येऊन सांगा." ते पुन्हा आले नाहीत.

त्यानंतर मुद्देमाल परत करायला आम्ही अंगणवाडीत गेलो. मी पुन्हा त्याच वीतभर खुर्चीवर. अकराही पासबुकं खणांत गुंडाळून डब्यात व्यवस्थित ठेवली होती. ताईंनी झाकण उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"खण बदललेत, साहेब."

"अं?"

"हा पिवळा या पासबुकाचा नाय. हा मोठ्या पोरीचा, तिच्या आजीनं लेकीची शेवटची ओटी भरली तवाचा. ती आजी आता नाय." मग त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि अकराही खण एकेक करून ज्याच्या त्याच्या पासबुकाला बांधले. एकदाही अडखळल्या नाहीत. मी आणि हवालदार बघत राहिलो. मी त्या खणांना चिंध्या म्हटलं होतं, तेही सरकारी कागदावर.

मी म्हणालो, "ताई, चुकलो. पण त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर एवढं झालं नसतं."

"साहेब, माझं माहेर हरसूलकडं," त्या म्हणाल्या. "आईनं कोंबड्या इकून माझ्या नावानं पैसे ठेवले होते, मास्तरीण व्हायला. लग्नात आईनंच कौतुकानं सांगितलं सगळ्यांना. चार महिन्यांत त्याची म्हैस आली घरात." हसल्या. "म्हैस चांगली होती. पण लेक माहेरी काय ठेवते ते कुणाला सांगायचं नसतं, अन् का ठेवते ते तिला इचारायचं नसतं. ती सांगणार नाय, अन् आपल्याला ऐकवणार नाय."

ही केस मला काय शिकवून गेली, असं कुणी विचारलं तर मी तरुण अधिकाऱ्यांना एवढंच सांगतो, की गप्प बसणारा प्रत्येक जण चोर नसतो. काही माणसं दुसऱ्याचं राखायला गप्प बसतात, आणि त्यांना बोलतं करण्याच्या नादात आपण नेमकं तेच मोडून ठेवतो. आणि खातं बंद करायच्या पत्रावर सही करण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. ती मुलगी आता नर्स आहे, असं हवालदारांकडून कळतं. मी तिला कधी भेटलो नाही. त्या मंगळवारच्या पावतीचा फोटो मात्र माझ्या फोनमध्ये अजून आहे.

घरी मी कधी केसेस सांगितल्या नाहीत, हीसुद्धा नाही. माझी मुलगी पुण्याला असते. दोघं नवराबायको इंजिनियर, मोठं घर, चांगली माणसं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती नातीला घेऊन आली होती. निघायच्या दिवशी हिनं, माझ्या बायकोनं, तिची ओटी भरली. गाडी आली, सामान गेलं, आणि मुलगी परत आत आली. पर्समधून तिनं एक छोटं पुडकं काढलं. नातीच्या नावाचं पासबुक. हाताशी दुसरं काही नसावं म्हणून की काय, आईनं मघाशीच दिलेल्या खणात गुंडाळलेलं.

"बाबा, हे इथंच राहू दे तुमच्याकडे."

पस्तीस वर्षं मी लोकांना 'का?' विचारून पोट भरलं. तो शब्द ओठांवर आलाच होता. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसत होती, पण नजर माझ्या शर्टाच्या गुंडीवर होती.

"बरं," मी म्हणालो.

पासबुक माझ्या लोखंडी कपाटात आहे, पदकाच्या डबीशेजारी. दरवर्षी ती येते, मी तिच्या हातात देतो, ती बँकेत जाऊन येते आणि परत माझ्या हातात देते. मी अजून विचारलेलं नाही. जावई खरंच चांगला माणूस आहे. तो घरी आला की मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत बसतो, एवढंच.